एकटं राहण्याइतपत बरे

११ सप्टेंबर

शिंपीकाका पुन्हा पडले! शेजारणीने सकाळी बेल वाजवली, दार उघडेना, म्हणून ती तिच्याकडच्या किल्लीने आत गेली, तर हे स्वयंपाकघरात फरशीवर आडवे. कपाळाला टाके. मी बघायला गेले तर माझ्या तोंडाकडे न बघता कोटाकडे बघून म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमची डावी बाही उसवली आहे. आणि माझ्या कपाळाची शिवण कुणी घातली? फार लांब लांब टाके घातलेत." हसू आलं. दिवसभरातलं पहिलं आणि शेवटचं.

आणलं तेव्हा नाडी अडतीस. संध्याकाळी पन्नाशीला आली. उद्या साठीच्या वर जाईल, मग काका ठणठणीत होऊन घरी जातील आणि काही दिवसांनी पुन्हा पडतील. मागच्या वेळीही हेच झालं. वॉर्डात आले की बरे, घरी गेले की आडवे. रक्त ठीक, झडपा ठीक, रक्तवाहिन्या तर माझ्यापेक्षा चांगल्या. मग घोडं पेंड खातंय कुठे?

मोठ्या साहेबांना ह्यात कोडं वगैरे काही दिसत नाही. "वय पंच्याहत्तर. बायको मार्चमध्ये गेली, एप्रिलपासून हे पडायला लागले. काळीज थकलंय त्यांचं. पेसमेकर बसवा आणि मोकळे व्हा." बोलता बोलता साहेबांचं लक्ष घड्याळाकडे.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. एकटेपणाने माणूस पडतो. मी पडत नाही ती गोष्ट वेगळी.

१३ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. माझा सगळ्यात वाईट दिवस.

दुपारी ताईचा फोन. "चार दिवस राहायला ये ना. तुझी खोली तशीच आहे." म्हटलं, बघते. "तू बघतेच नुसती," ताई म्हणाली, आणि मग भाच्याच्या परीक्षेवर बोलत बसली. जायचं नाहीच आहे मला. दुसऱ्याच्या घरी सकाळी उठलं की आपला टॉवेल कुठला, चहा मागायचा की कुणी उठायची वाट बघायची — नकोच ते. मी नको म्हणते तेव्हा मला खरंच नको असतं. लोकांना हे पटत नाही.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. आवाज घोगरा आला होता. ताईला वाटलं सर्दी झाली. मी हो म्हटलं.

१४ सप्टेंबर

कँटीनमध्ये मला 'विचित्रबाई' म्हणतात! सिस्टरने आज सांगितलं. म्हणजे विचित्र आजार शोधणारी बाई, असा खुलासाही केला तिने घाईघाईने. बरं झालं खुलासा केला.

पण नाव पडण्याचं कारण आहे. गेल्या वर्षीच्या त्या गाण्याच्या बाई — छातीत धडधड, ठोके चुकायचे, रक्तदाब वाढलेला. तीन ठिकाणी दाखवून आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुमचा दिवस मला सांगू नका, करून दाखवा. खुर्ची म्हणजे पलंग, टेबल म्हणजे ओटा, चला. बाई लाजल्या, पण करायला लागल्या. आणि दर थोड्या वेळाने हात आपोआप पर्सकडे जाई! घशासाठी ज्येष्ठमध. सकाळपासून झोपेपर्यंत तोंडात. त्याने अंगातलं पोटॅशियम पार खाली गेलेलं. ज्येष्ठमध बंद केलं, सुंठीवाचून खोकला गेला.

आणि तो बँकेतला साहेब. गाडी मागे घेताना भोवळ यायची. त्यालाही गाडी मागे घ्यायला लावली — खुर्चीत बसून. मान वळवली आणि डोळे पांढरे! बढतीनंतर घेतलेला नवा शर्ट, गळ्याला घट्ट, कॉलर मानेच्या शिरेवर दाबायची. बढती त्याच्या अक्षरशः गळ्याशी आली होती.

सांगताना माणूस आपला दिवस नीटनेटका करून सांगतो. करायला लावलं की खरा दिवस बाहेर येतो. साहेब ह्याला माझी नाटक कंपनी म्हणतात. म्हणोत.

१५ सप्टेंबर

काकांचा मुलगा आला. लांबच्या शहरात असतो, प्रवास करून थेट वॉर्डातच. चाळिशीचा, शांत, चष्मा सारखा पुसत होता. वडिलांच्या पायथ्याशी उभा राहिला, बसला नाही.

"बाबा, आता बास. यंत्र बसलं की मी तुम्हाला घेऊन जाणार. एक खोली रिकामीच आहे."

"नको रे. तुमच्या संसारात माझी अडगळ कशाला?"

"अडगळ काय बाबा…"

"नको म्हटलं ना. माझं घर बरं आहे. मी इथला, इथेच बरा."

मला इतकं बरं वाटलं! असं स्पष्ट बोलणारी म्हातारी माणसं किती असतात? बहुतेकांना मुलं पिशवीसारखी उचलून नेतात. ह्यांना स्वतःचं घर हवंय, स्वतःची किल्ली हवी आहे. मुलगा मला बाहेर गाठून म्हणाला, "डॉक्टर, ते असे पडत राहिले तर मी त्यांना एकटं ठेवू शकत नाही. तुम्हीच सांगा." बरोबरच आहे त्याचं. पडणारा माणूस एकटा राहू शकत नाही.

म्हणजे गंमत अशी की काकांचं घर माझ्या हातात आहे. कारण सापडलं तर ते त्यांच्या घरी राहतील. नाही सापडलं तर पेसमेकर, आणि मग मुलाकडची खोली.

मी ठरवलं. शोधून काढायचंच.

१६ सप्टेंबर

काका घरी गेले. छातीवर ठोक्यांची नोंद ठेवणारी डबी चिकटवून दिली आहे. मुलगा सोबत थांबलाय. जाताना काका म्हणाले, "ह्या डबीला खिसा शिवायला हवा होता."

१८ सप्टेंबर

घराचा जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही अजून राहता का इथे?" थट्टा असावी.

२१ सप्टेंबर

डबी आली. कागद टेबलावर पसरून दिवसभर त्याच्याशीच बोलत होते. रात्री ठोके छान. पहाटे छान. सकाळी उठल्यावर थोड्या वेळाने नाडी घसरते, घसरतच जाते — आणि मध्ये एक मोठी रिकामी जागा. ठोकाच नाही! मग पुन्हा एक, पुन्हा एक, कसेबसे. दुपारनंतर हळूहळू जागेवर. मुलाने सांगितलं, तेव्हा बाबा ओट्याला धरून उभे होते, मी सावरलं म्हणून पडले नाहीत.

साहेबांनी कागद बघितला. "झालं ना समाधान? अजून काय पुरावा हवा? गुरुवारी बसवतो."

"पण सकाळीच का? आणि इथे वॉर्डात एकदाही का नाही?"

"हृदय आहे ते, कचेरी नाही. वेळेवर यायचं बंधन नाही त्याला."

मी म्हटलं, मला वेळ द्या. साहेब वाईट नाहीत. म्हणाले, "गुरुवारपर्यंत आहेच की तुला वेळ. सापडलं तर सापडलं. नाही सापडलं तर डोंगर पोखरू नकोस, तोवर माणूस मरेल." हेही खरंच. म्हणून काकांना परत वॉर्डात घेतलं आहे.

२२ सप्टेंबर

आज काकांची औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली. एक पोटाची गोळी, एक जीवनसत्त्वाची, दुखऱ्या गुडघ्याचं मलम. बस्स. ह्यातलं काहीही हृदयाला हात लावत नाही.

मग प्रश्न. काढा घेता? नाही. मध? नाही. काही चघळता? "दात कुठायत." सकाळी खोकला येतो, जोर द्यावा लागतो? नाही. मान वळवली की? कॉलर घट्ट? — इथे मात्र उठून बसले. "माझ्या गळ्याला माझीच कॉलर आवळेल? एवढा वाईट शिंपी नव्हतो मी. सुई ओवता येईना म्हणून दुकान बंद केलं, हात गेला म्हणून नाही!"

माफी मागितली. माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

दुपार टळून गेली होती. जेवले नव्हते. असं कुणी विचारलं की मला राग का येतो कोण जाणे. फटकन म्हटलं, माझं मी बघते. खोलीत येऊन दार लावलं आणि बसून राहिले. मला कुणी विचारावं असंही वाटतं आणि विचारलं की अंगावर आल्यासारखं होतं. हा आजार कुठल्याच पुस्तकात नाही.

२३ सप्टेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट लिहिते.

सकाळी सिस्टर सहज म्हणाली, "तुम्ही काकांना नाटक नाही करायला लावलं?" खरंच, नाही लावलं. सगळ्यांना लावते, त्यांना नाही. कारण मला वाटलं होतं, त्यांची सकाळ मला ठाऊकच आहे. एकट्या माणसाची सकाळ मला कुणी दाखवायला नको! उठायचं, चूळ भरायची, चहा टाकायचा, भिंतीकडे बघत प्यायचा.

काकांना माझ्या खोलीत आणलं. खुर्ची म्हणजे पलंग, टेबल म्हणजे ओटा, फायलींचं कपाट म्हणजे फ्रिज. मुलगा दाराशी उभा. काका आधी संकोचले, मग रंगात आले. पाय खाली सोडले, सपाता शोधल्या. तोंड धुतलं. गॅस पेटवला. चहाचं पाणी ठेवलं. दूध काढायला फ्रिज उघडला. दुधाआधी दारातून काहीतरी छोटंसं काढलं, खुर्चीत टेकले, मान मागे टाकली आणि एक डोळा बोटाने ताणला.

"हे काय?"

"कुठे काय? डोळ्यात थेंब."

"कसले थेंब?"

"काचबिंदूचे. किती वर्षं झाली."

काचबिंदूचे! पिशवीत नव्हते, कारण ते फ्रिजच्या दारात राहतात. वॉर्डात आले की थेंब घरीच. "हृदयाच्या दवाखान्यात डोळ्यांचं काय सांगायचं? आणि चार दिवस चुकले तर कुठे बिघडतं?" काल मला सुईचं सांगितलं होतं त्यांनी. सुई ओवता येईना म्हणून दुकान बंद केलं, असं माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मी डोळ्यांचं काय झालं हे विचारलं नाही! काखेत कळसा नि गावाला वळसा.

मुलगा तसाच टॅक्सीने घरी गेला आणि बाटली घेऊन आला. नाव वाचलं. डोळ्यातला दाब कमी करणारं, पण त्याच घराण्यातली गोळी आम्ही हृदय हळू करायला देतो. थेंबातून ते अंगात जायचं म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, तिच्यातून. नाकातून थेट रक्तात.

पण वर्षानुवर्षं घेत होते, तर आत्ताच का? म्हटलं, काका, पुन्हा करून दाखवा. थेंब कसे घालता?

हात कापत होता. एकदा दाबलं, गालावर. दुसऱ्यांदा, पापणीवर. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. "बहुतेक गालावरच ओघळतात हो. म्हणून दोनचार जास्तच घालतो, एखादा तरी जाईल आत." मग बाहीने गाल पुसला.

"आधीही असंच?"

"छे. आधी ती घालायची ना." माझ्याकडे न बघता सांगत होते. "एकच थेंब. आणि मग बोट इथे —" नाकाशेजारी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं. दाबून धरायची. अजिबात हलू द्यायची नाही. आणि तेवढ्या वेळात दिवसभराची सगळी कामं सांगून घ्यायची. मला पळता येत नसे ना."

"आता कोण दाबतं?"

"आता कामं कुठली?" काका म्हणाले.

सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मुलगा चष्मा पुसत होता. मीच तेवढी कोरडी राहिले आणि कागदावर लिहीत राहिले. आता घरी येऊन रडले. भरपूर रडले. त्या बाईला मी कधी पाहिलंही नाही. ती बोट दाबून ती नळी बंद करायची आणि औषध डोळ्यातच राहायचं. ती गेली आणि ते काळजापर्यंत पोचायला लागलं. बायको गेल्यामुळे पडतात, हे साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं, पण त्यांना वाटलं तसं नाही.

२४ सप्टेंबर

गुरुवार. पेसमेकर रद्द.

साहेबांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट केली. "म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला देणार होतो की आपण!" मग माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, आणि बाई आहे हे आठवून तोच हात खिशात घातला. मी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी दुसऱ्या जातीचे थेंब दिले, हृदयाशी संबंध नसलेले. शेजारीण रोज सकाळी घालून देणार आहे. तिलाही बोट दाबायला शिकवलं, सवय चांगली म्हणून.

कँटीनमध्ये लोक उठून माझ्याशी बोलायला आले. मी चहा घेतला आणि फार वेळ बसले.

२८ सप्टेंबर

काका नवी डबी लावून घरी आहेत. नाडी अडुसष्ट. काल एकटेच जिना उतरून खाली गेले म्हणे.

ताईचा फोन आला होता. तिला सगळं सांगितलं. "कित्ती हुशार गं तू," म्हणाली. तिच्या घरात मागे कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी तिला हाक मारली. तिने ठेवते म्हटलं.

१ ऑक्टोबर

दुसरी डबी आली. एकही रिकामी जागा नाही! ठोका, ठोका, ठोका. इतका कंटाळवाणा कागद मी आयुष्यात इतक्या प्रेमाने वाचला नव्हता.

मुलगा आज परत जायचा होता, त्याआधी काकांना तपासणीला घेऊन आला. मला वऱ्हांड्यात गाठलं.

"म्हणजे बाबा आता एकटे राहू शकतात?"

"खुशाल. तुमच्या-माझ्यापेक्षा बरे आहेत."

"मग आमच्याकडे न्यायची… म्हणजे तशी गरज…"

मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. बिचारा अडखळत होता. म्हटलं, "डॉक्टर म्हणून सांगते, काहीही गरज नाही. आणि त्यांची इच्छा तुम्ही ऐकलीच आहे. त्यांना त्यांच्या घरात राहायचंय. तो हक्क आहे त्यांचा. आपण मुलं कधी कधी प्रेमाच्या नावाखाली माणसाचं घर काढून घेतो." जरा भाषणच झालं. पण मनापासून झालं.

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "हो. म्हणाले खरे तसं. आधी फोनवरही तेच म्हणाले होते." आणि चष्मा घातला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा दिसला. असतं असं. मुलांना विचारावं लागतं, आणि कुणीतरी 'नको' म्हटलं की सुटल्यासारखं होतं. त्याला दोष देत नाही. माणसं ओळखायला मला वेळ लागत नाही.

आत गेले तर काका शर्टाची बटणं लावत होते. "तो काय म्हणाला?"

"काही नाही. म्हटलं, तुम्ही मजेत एकटे राहू शकता. तो म्हणाला, ठीक आहे."

"ठीक आहे म्हणाला?"

"हो."

"मग ठीकच आहे," काका म्हणाले. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते काढून पुन्हा लावलं. शिंप्याचंही चुकतं! मी तसं म्हणालेही. हसले.

आज मला खरोखर छान वाटतंय. कुणाचं तरी घर वाचवलं. येताना स्वतःसाठी फुलं घेतली. घरी आल्यावर कळलं, फुलदाणी नाही. पाण्याच्या तांब्यात ठेवली आहेत. बरी दिसतात.

४ ऑक्टोबर, रविवार

पाऊस नाही, ऊन नाही. फुलं माना टाकून बसली.

९ ऑक्टोबर

साहेबांनी माझ्या केसवर भाषण द्यायला सांगितलं आहे, मोठ्या सभेत. शीर्षक काय द्यायचं? त्यांनी सुचवलं, 'डोळ्यातून काळजात'. मी म्हटलं, सिनेमा नाही काढायचा आपल्याला.

१९ ऑक्टोबर

भाषण झालं. लोक उठून उभे राहिले. बायकोच्या बोटाबद्दल सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी पेनं खाली ठेवली. एका डॉक्टरांनी नंतर येऊन विचारलं, "रुग्ण आता कुठे असतात?" अभिमानाने म्हटलं, स्वतःच्या घरी! एकटे! त्यांनीही मान डोलावली.

नंतर सगळे जेवायला गेले. मलाही बोलावलं होतं. म्हटलं, नको, दमलेय. लगेच बरं म्हणाले. बसस्टॉपवर उभी होते तेव्हा ते रस्त्यापलीकडून हसत हसत जाताना दिसले. त्यांनी मला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात केला असता, माणसं चांगली आहेत.

२६ ऑक्टोबर

नवी रुग्ण. तरुण मुलगी, परीक्षा आली की छातीत कळ. परीक्षा हेच कारण निघालं. कधी कधी सोपंही असतं.

२ नोव्हेंबर

काका तपासणीला आले होते. नाडी सत्तर, एकसारखी. रक्तदाब उत्तम. वजन मात्र उतरलंय. म्हटलं, जेवता ना नीट? "जेवतो की." म्हटलं, मुलगा काय म्हणतो?

"बरा आहे. ती खोली भाड्याने दिली त्याने. कॉलेजातला एक मुलगा राहतो."

मी म्हटलं, बरंच झालं ना. तुम्हाला तर जायचंच नव्हतं.

काका बाही खाली ओढत होते. "नको म्हटलं होतं खरं. दोनदा म्हटलं. असं कुणी एकदम हो म्हणतं का, बाई? पण शिवणाच्या मशीनचं माप पाठवलं होतं मी त्याला. लांबी, रुंदी, पायडल धरून. त्याने खिडकीपाशी जागा मोकळी करून ठेवली होती. सुनेने पडदाही लावला होता." मग जरा थांबून, जणू माझीच समजूत काढत म्हणाले, "आता डॉक्टरच म्हणाले एकटे राहू शकतात म्हटल्यावर, तो तरी तिसऱ्यांदा कशाला विचारेल?"

मी पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. सहा महिन्यांनी, असं लिहीत होते. काका वाकून बघत होते.

"तारीख जरा जवळची द्या," म्हणाले.

कशासाठी, असं मी विचारलं नाही. येत्या सोमवारची दिली.